आधी मोरी आखा, मग ओटा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या गावात ४० बाय ६० फुटांच्या प्लॉटवर तुम्ही घर बांधताय. रस्ता उत्तरेला, स्वयंपाकघर आग्नेय कोपऱ्यात. घरात सहा माणसं: तुम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. नकाशात स्वयंपाकघर ११ बाय साडेतेरा फूट दाखवलंय आणि त्याच्या मागे, दक्षिणेला, साडेतीन फुटांची युटिलिटी, म्हणजे धुण्या-भांड्यांची जागा. तुम्हाला डायनिंगकडून उघडं स्वयंपाकघर हवंय, जमलं तर मधोमध आयलंड, म्हणजे भिंतीपासून सुटा ओटा. सासूबाईंना भाकरी थापायला नीट जागा हवीय. वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं ते ठरत नाही, ओट्याच्या उंचीवर घरात एकमत होत नाही आणि जिन्याखाली कोठी करावी का अशी शंका आहे. जोत्याचं काम अजून सुरू झालेलं नाही, ही यातली सगळ्यात चांगली गोष्ट. आत्ता नकाशातल्या रेघा हलवायला एक दिवस पुरेल. स्लॅब पडल्यावर तेच काम छिन्नी-हातोड्याने करावं लागतं.

माझं पहिलं सांगणं: आयलंड सोडून द्या आणि स्वयंपाकघराची लांबी दीड फुटाने कमी करून ती जागा युटिलिटीला द्या. म्हणजे स्वयंपाकघर ११ बाय १२ आणि युटिलिटी ११ बाय ५. एकूण जागा तेवढीच, फक्त मधली भिंत उत्तरेकडे सरकते.

बहुतेक नकाशांत आधी हॉल आखतात, मग बेडरूम, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी जी पट्टी उरेल तिला युटिलिटी म्हणतात. आपल्या घरांत मात्र स्वयंपाकाचं निम्म्याहून जास्त काम पाण्याशी असतं. भाजी धुणं, तांदूळ-डाळ धुणं, कडधान्य भिजवणं-उपसणं, दोन वेळची खरकटी भांडी, ओटा पुसणं, फडकी पिळणं, पिण्याचं पाणी भरणं, आणि त्याला लागूनच धुणं. शेगडीपुढे आपण दिवसात जेवढं उभे राहतो त्याच्या दुप्पट वेळ कुणी ना कुणी नळापुढे असतं. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. पाणी कुठे येणार, कुठून जाणार, ओली माणसं कुठे उभी राहणार हे आधी. ओटा त्या हिशेबाने बसतो.

साडेतीन फुटांत काय होतं ते बघा. फ्रंट लोड मशीनची खोली दोन फुटांच्या आसपास, मागे पाइपांसाठी चार इंच. उरला सव्वा फूट. मशीनचं दारच उघडल्यावर साधारण दीड फूट पुढे येतं. म्हणजे कपडे काढायला माणूस उभा राहू शकत नाही. मग मशीन बाथरूममध्ये जातं, भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये साठतात, पोछा ग्रिलला लटकतो, आणि वर्ष-दोन वर्षांत मागच्या मोकळ्या जागेत पत्रा टाकला जातो. तो पत्रा मंजूर नकाशात नसतो. यूडीसीपीआर, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत बाजूचं आणि मागचं अंतर मोकळं ठेवायचं आहे, ते पुढे झाकणं म्हणजे विनापरवाना बांधकाम. जे लागणार आहे ते आत्ताच मंजुरीच्या नकाशात दाखवा. पाच फुटांत दोन फुटांचं मशीन आणि तीन फुटांची वावरायची जागा बसते. तीन फुटांत बादली मध्ये असली तरी माणूस बाजूने जातो.

आता मधली भिंत, जी स्वयंपाकघराची दक्षिणेची आणि युटिलिटीची उत्तरेची. पाण्याची सगळी कामं या एकाच भिंतीला लावा. स्वयंपाकघराच्या बाजूने, पूर्वेकडून पश्चिमेकडे: दोन फुटांचा कोपरा, एक फूट ठिबकायची जागा, अडीच फुटांचं सिंक, अडीच फुटांचा कट्टा (आज ना उद्या डिशवॉशर आलंच तर याच्याखाली), आणि शेवटी तीन फुटांत युटिलिटीचं दार. पलीकडच्या बाजूने दार सोडून उरलेल्या आठ फुटांत चार फुटांची भांड्यांची मोरी, सव्वादोन फुटांत मशीन आणि पावणेदोन फुटांचा धुण्याचा दगड. गार पाणी, गरम पाणी, सांडपाणी, सगळे पाइप एकाच भिंतीत राहतात. उद्या कुठे गळलं तर कुठली फरशी उखडायची याचा विचार करावा लागत नाही.

युटिलिटीच्या पूर्वेच्या टोकाला बाहेर उघडणारं दार हवंच. भांडी घासायला येणाऱ्या मावशी, कचरा, कोथिंबिरीच्या काड्या, चिखलाचे पाय, सगळं तिथून. हॉलमधून ओला कचऱ्याचा डबा नेण्याची वेळ कुणावर येऊ नये. जाळीचं दार आणि लोखंडी दार अशी दोन दारं लावा, म्हणजे संध्याकाळी डास न येता हवा खेळते.

सांडपाण्याचा उतार हा नकाशावर न दिसणारा, पण तुमच्या प्लॉटवर सगळ्यात अवघड मुद्दा आहे. तुमच्याकडची जमीन काळी, तिच्यात शोषखड्डा लवकर भरून येतो, पावसाळ्यात तर पाणी मुरतच नाही. म्हणजे मोरीचं पाणी रस्त्याकडच्या गटारीलाच न्यावं लागणार. गटार उत्तरेला, मोरी आग्नेयेला. पूर्वेच्या मोकळ्या जागेतून पन्नासेक फूट पाइप जाईल. चार इंची पाइपला ४० फुटांना एक फूट उतार धरला तर पन्नास फुटांना सव्वा फूट झाला. पहिल्या चेंबरमध्ये पाइप जमिनीखाली एक फूट असेल तर रस्त्यापाशी तो सव्वादोन फूट खाली निघतो. गटारीचा तळ त्याहून खाली आहे का, हे आज टेप आणि लेव्हल-नळी घेऊन मोजा. नसेल तर जोतं उचला. जोत्याची उंची समोरून घर कसं दिसतं यावर ठरवतात, ती आधी या पाइपावरून ठरायला हवी. वळणावर आणि सरळ लाइनीतही मधे एक चेंबर ठेवा. मोरीचं पाणी चेंबरच्या आधी जाळीच्या गली ट्रॅपमधून जाऊ द्या, आणि संडासाची लाइन पूर्ण वेगळी सेप्टिक टँककडे. सिंकच्या खाली पाइप दोन इंची घ्या. सव्वा इंची पाइपमध्ये तूप-तेल गोठून बसतं आणि ऐन दिवाळीत सिंक तुंबतं.

युटिलिटीची फरशी स्वयंपाकघरापेक्षा दोन इंच खाली असू द्या आणि दाराशी उंबरा ठेवा. कडप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी पुरते. फरशीला उतार पाच फुटांत पाऊण इंच, नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या तोंडाकडे. गुळगुळीत टाइल तिथे अजिबात नको. साबणाच्या पाण्यात सासूबाईंचा पाय घसरला तर खुब्याचं हाड जातं. खरबरीत कोटा किंवा शहाबादी लावा, दिसायला साधी असली तरी पाय धरते.

भांड्यांच्या मोरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यावर कुणी विचार करत नाही. विकत मिळणारं स्टीलचं सिंक २४ बाय १८ इंचांचं असतं. त्यात ताट-वाट्या ठीक, पण कणकेची परात, दहा लिटरचा कुकर, दूध तापवायचं मोठं पातेलं मावत नाही. ते तिरकं धरून घासताना पाणी अंगावर येतं. जमिनीवरच्या मोरीत सगळं मावतं, पण घासणारी बाई रोज तासभर उकिडवी बसते आणि पन्नाशीत तिचे गुडघे जातात. दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे उभ्याने घासायची मोरी. विटांच्या दोन खांबांवर कडप्पा टाकून तीन फूट लांब, दोन फूट रुंद हौद करायचा. हौदाचा तळ जमिनीपासून २६ इंचांवर, काठ ३४ वर. आतून कोटा किंवा ग्रॅनाइट, कोपऱ्यांत इपॉक्सी ग्राउट. शेजारी एक फुटाचा उतरता कट्टा, घासलेली भांडी निथळायला. नळ लांब मानेचा आणि फिरता. वर छज्जा आणि डोक्यावर दिवा. तुमच्याकडे मावशी आधीपासून येत असतील तर त्यांना उभ्याने घासायला आवडेल की बसून, हे विचारा. त्यांच्या उंचीप्रमाणे तळ इंच-दोन इंच वर-खाली करा. रोज तिथे उभं त्यांना राहायचंय.

तुमची युटिलिटी दक्षिणेला आहे हे चांगलं झालं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे कपड्यांना दिवसभर ऊन मिळेल. पावसाळ्यात मात्र वारा आणि झड नैऋत्य-पश्चिमेकडून येते. म्हणून पश्चिमेच्या टोकाला पूर्ण भिंत, दक्षिणेला तीन फुटांचा कठडा, त्यावर ग्रिल, आणि वर निदान अडीच फूट पुढे आलेला छज्जा. कपडे वाळवायला छतात कप्पीवर वर-खाली होणारे दांडे लावा. स्लॅब भरतानाच हुकांसाठी सळया सोडायला सांगा.

आता ओटा. इंटरनेटवर ३४ इंच, सुतार म्हणतो ३३, सासूबाई म्हणतात आमच्या जुन्या घरात ३० होता. तिघंही आपापल्या कामापुरते बरोबर आहेत. एकाच उंचीवर सगळी कामं होत नाहीत. हात काटकोनात वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. तुमची उंची ५ फूट २ इंच, कोपर साधारण ३९ इंचांवर येईल. सासूबाईंची ४ फूट १०, कोपर साडेछत्तीसच्या आसपास. चिरणं, मिक्सर लावणं यासाठी ओटा कोपराखाली चार-पाच इंच हवा. लाटताना वरून दाब द्यायचा असतो, त्याला सहा-सात इंच खाली. भाकरीला त्याहून खाली, कारण थापताना हात खांद्यापासून चालतो. ३४ इंची ओट्यावर परात ठेवून ज्वारीची भाकरी थापणारी बाई खांदे वर उचलून थापते आणि चार भाकऱ्यांत मान भरून येते. शेगडीचं गणित पुन्हा वेगळं. ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतः पाच इंच उंच, त्यावर सहा इंची कढई. ३४ च्या ओट्यावर कढईचा काठ ४५ इंचांवर जातो. फोडणी परतताना तेलाचा थेंब थेट मनगटावर, आणि सासूबाईंना तर आत काय चाललंय ते दिसणारच नाही. सिंकचं नेमकं उलट: काम तळाशी चालतं आणि तळ काठापेक्षा आठ-नऊ इंच खाली, म्हणून सिंक उंच हवं, नाहीतर कंबर वाकते.

यावरून तुमच्यासाठी दोन उंच्या निघतात. दक्षिणेची सिंकची भिंत, कोपरा आणि पूर्वेच्या भिंतीचे पुढचे तीन फूट ३४ इंचांवर. तिथे सिंक, चिरणं, मिक्सर. त्यानंतर पूर्वेचे उरलेले सात फूट ३० इंचांवर: तीन फूट शेगडी आणि शेगडीच्या डावीकडे, उत्तरेला, चार फूट मोकळी जागा. हीच सासूबाईंची भाकरीची आणि तुमची पोळ्यांची जागा. भाकरीची जागा शेगडीला चिकटूनच हवी, हे विसरू नका. थापलेली भाकरी दोन्ही हातांवर घेऊन माणूस चालत नाही, जागच्या जागी वळून तव्यावर टाकतो. काही घरांत भाकरीसाठी समोरच्या भिंतीला वेगळा छोटा ओटा करतात. तो आठवडाभरात सामान ठेवायचा ओटा होतो. ३० इंचांच्या ओट्यावर शेगडीचा बर्नर ३५ वर, कढईचा काठ ४१ च्या आसपास. तुम्हाला सोयीचं, आणि सासूबाईंनाही तव्यातली भाकरी वरून दिसते.

ही आकडेमोड माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका. विटा रचून ३० इंचांवर एक फळी टाका, शेजारी दोन विटा जास्त रचून शेगडी किती वर येईल ते बघा, आणि सासूबाईंना खरोखर पीठ भिजवून दोन भाकऱ्या थापायला सांगा. त्या एक इंच खाली म्हणाल्या तर एक इंच खाली घ्या. मग घरातला वाद तिथेच मिटतो.

चार इंचांच्या पायरीशी ३४ च्या दगडाला उचललेली कड ठेवा, नाहीतर सिंककडचं पाणी वाहत पिठाकडे येतं. दोन्ही ओट्यांच्या पुढच्या काठाखाली पाव इंचाची खाच मारून घ्या. पाणी काठावरून खाली वळून शटरवर न जाता तिथूनच ठिबकतं. दगड काळा ग्रॅनाइट घ्या. पांढऱ्या संगमरवरावर लिंबू-चिंचेचा डाग कायमचा बसतो, आणि क्वार्ट्झमध्ये राळ असते, तापलेला कुकर थेट ठेवला की ती जळते. ओट्याच्या खाली पायाची बोटं आत जातील अशी तीन इंच खोल, चार इंच उंच खाच सोडा. तिच्याशिवाय माणूस ओट्यापासून दूर उभा राहतो आणि पुढे वाकतो.

गॅसबद्दल कडक शब्दांत सांगतो. तुमच्याकडे पाइप गॅस नाही, सिलिंडर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साठतो. म्हणून सिलिंडर युटिलिटीत नहाणी ट्रॅपजवळ किंवा चेंबरच्या झाकणाशेजारी ठेवू नका, बंद कपाटातही नको. शेगडीच्या उजवीकडे जो ३४ इंचांचा तीन फुटी भाग आहे, त्याच्याखाली सिलिंडर उभा ठेवा. पुढे जाळीचं शटर, मागे पूर्वेच्या भिंतीत फरशीलगत जाळी लावलेलं सहा इंचांचं भोक. दीड मीटरची आयएसआय मार्कची सुरक्षा नळी तिथून शेगडीला पुरते. नळी भिंतीतून किंवा लाकडातून आरपार नेऊ नका, आणि पाच वर्षांनी ती चांगली दिसत असली तरी बदला. त्या कप्प्यात विजेचा एकही पॉइंट नको. भरलेला दुसरा सिलिंडरही उभाच आणि हवेशीर जागी.

आग्नेयेला स्वयंपाकघर असावं असं वास्तूवाले सांगतात. त्यावर माझा वेगळा हिशेब असा, की आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळा संपेपर्यंत वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. पूर्वेकडच्या स्वयंपाकघरातला धूर आणि फोडणीचा खाट घरात न शिरता बाहेर पडतो, आणि सकाळचा उजेड ओट्यावर येतो. खिडकी पूर्वेला, पण चिरायच्या जागेसमोर, शेगडीच्या मागे नाही. मागच्या खिडकीतल्या वाऱ्याने ज्योत हलते, गॅस वाया जातो आणि काच कायम तेलकट राहते. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराला निदान १ चौरस मीटर उघडीप थेट बाहेरच्या हवेत सांगितली आहे, तुम्ही चार बाय साडेतीन फूट करा. शेगडीच्या वर भिंतीतून चिमणीसाठी सहा इंची भोक, पाइप सरळ पूर्वेला बाहेर. चिमणीची खरी ताकद आखूड आणि सरळ पाइपात असते. दोन कोपरे आणि दहा फूट पाइप लावला तर महागडी चिमणीही नुसता आवाज करते. भिंत बांधतानाच पीव्हीसीचा तुकडा बसवून घ्या आणि तिथे बीम येत नाही ना, हे आधी बघा.

आयलंड का नको, तेही सांगतो. पूर्वेला दोन फुटांचा ओटा, मग साडेतीन फूट वावर, अडीच फुटांचं आयलंड, पुन्हा साडेतीन फूट. झाले साडेअकरा. खोली अकराची, आणि पश्चिमेला फ्रिज अजून ठेवायचाच आहे. शिवाय आयलंडवर पाणी आणि वीज फरशीखालून न्यावी लागते. त्याऐवजी पश्चिमेच्या भिंतीला फ्रिज, त्याच्या शेजारी ताट-वाट्यांचं एक फूट खोल कपाट, आणि मधे सहासात फूट मोकळी जागा ठेवा. दिवाळीत चकल्या करायला, एप्रिल-मेमध्ये कुरडया घालायला चौघी-पाच जणी जमिनीवर गोल बसतील एवढी ती असते. तेवढं मोठं काम कुठल्याच आयलंडवर होत नाही. फ्रिज, सिंक, शेगडी यांचा त्रिकोण (तिघांमधलं चालणं कमी ठेवायचा नियम) तुम्ही वाचला असेल. तो १९४०च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मांडला गेला. त्यात पीठ मळणं-थापणं आणि खरकटं यांना जागा नाही, म्हणून तो आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. डायनिंगकडची भिंत मात्र उघडी करायला हरकत नाही, सरकत्या काचेच्या दारासह. मिरचीची फोडणी पडताना आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी मिक्सर चालू असताना ते ओढून घेता येतं.

जिन्याखाली कोठी चालेल, एका अटीवर: तिला बाथरूमची भिंत लागता कामा नये. त्या भिंतीतून ओल येते आणि ज्वारीला जाळं लागतं. तुमच्या नकाशात जिन्याखाली पाहुण्यांसाठी संडास सुचवलाय, तो पश्चिमेला न्या. वर्षाचं धान्य तुम्ही भरता म्हणून जागेचा हिशेब देतो. १०० किलो गव्हाला साधारण १३० लिटर जागा लागते. तीन क्विंटल गव्हाला चारशे लिटरच्या आसपास, म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपं. असं पिंप दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच. तेव्हा खालचे तीन-सव्वातीन फूट मोकळे सोडा, वर कडप्प्याचे कप्पे. लोणच्याच्या बरण्यांना एक फूट खोल, डब्यांना दहा इंच पुरे. खोल कप्प्यात मागचा डबा दिसत नाही आणि त्यातली डाळ जुनी होते. पिंपं विटांवर किंवा लाकडी पाटावर ठेवा, भिंतीपासून चार इंच दूर. दाराला खालून नऊ इंच पत्रा मारा, उंदीर लाकूड तिथूनच कुरतडतो. छताजवळ बारीक जाळीचा झरोका ठेवा. घरघंटी घेणार असाल तर तिला कोठीच्या बाहेर बोळात पॉइंट द्या. युटिलिटीत दमट हवेने पिठाचा थर चिकटतो आणि कोठीत सांडलेल्या पिठावर किडे होतात.

पाणी. ग्रामपंचायतीचा नळ सकाळी तासभर येतो म्हणालात. त्याची एक थेट लाइन सिंकवर वेगळ्या तोटीने आणा, वरच्या टाकीत न जाता. बोअरचं पाणी टाकीत, धुण्या-भांड्याला. माठ आणि कळशीला सिंकच्या कडेला खाचेचा दगड करा, ज्याचं पाणी सिंकमध्येच उतरतं. पाणी तापवायचं सोलर गच्चीवर असणार. तिथून सिंकपर्यंत पंधरा मीटर पाऊण इंची पाइप आला तर रोज सकाळी गरम पाणी येण्याआधी चारेक लिटर गार पाणी वाहून जातं. मोरीला सोलरची लाइन द्या, तिथे ते पाणी बादलीत धरता येतं. सिंकखाली हवं तर तीन लिटरचा छोटा गिझर लावा.

विजेचं पटकन सांगतो. ओवन, इंडक्शन, गिझर, मशीन, डिशवॉशरची जागा यांना प्रत्येकी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, वायर अडीच चौरस मिलिमीटर, गिझरला चार. फ्रिजची लाइन इन्व्हर्टरवर. मिक्सरचे दोन पॉइंट ओट्यापासून नऊ इंच वर, सिंकपासून निदान दोन फूट लांब. युटिलिटीच्या सगळ्या पॉइंटना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), ओल्या हातांची जागा आहे ती. दिवा छताच्या मधोमध एकच लावला तर तुमचीच सावली चिरायच्या फळीवर पडते. वरच्या कपाटाखाली पट्टीचा दिवा लावा. ते कपाट बारा इंचांहून खोल नको आणि त्याचा पहिला कप्पा साडेपाच फुटांच्या वर नको, नाहीतर सासूबाई स्टूल घेतात.

ट्रॉल्यांवर बजेट संपवू नका. ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे करा आणि फक्त पुढचं शटर सुताराकडून, आयएस ७१० मार्कच्या मरीन प्लायचं. सिंकखाली एमडीएफ कधीच नको, पाणी पिऊन फुगतं. ट्रॉल्या तीनच घ्या: चमचे, ताट-वाट्या, रोजचे मसाले. डिशवॉशरचं आत्ता नक्की नसलं तरी त्या अडीच फुटांत कप्पे घालू नका. साधं मशीन साठ सेंटिमीटर रुंद आणि पंच्याऐंशी उंच असतं. ३४ इंची ओट्यातून दगडाची जाडी वजा केली तर पंच्याऐंशीच्या आतच उरतं, म्हणजे वरचं झाकण काढता येणारं मॉडेलच बसेल. मागे पाण्याची तोटी आणि दोन इंची सांडपाण्याचं तोंड बूच लावून ठेवा.

आर्किटेक्टकडे जाताना या चार गोष्टी लिहून न्या: मधली भिंत दीड फूट उत्तरेला, पूर्वेच्या बाजूने युटिलिटीचं दार, जिन्याखालचा संडास हलवणं, आणि गटारीच्या तळाची मोजलेली पातळी. चौथी कळल्याशिवाय जोत्याची उंची नक्की करू देऊ नका. गटारीचं मोजमाप हाती आलं की इथे लिहा, चेंबर कुठे-कुठे घ्यायचे ते मी सांगतो.